वीस लाल, दहा पांढरी माणसं

"पुढची रांग, सिस्टर. मधली खुर्ची. मी सोता रुमाल टाकून जागा धरणार हाय," शमुवेल पेंटर दारातूनच म्हणाला. चप्पल काढायचाही धीर नव्हता.

रिबेकाबाई झिराडकर नारळ खवत बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तुमच्या चर्चात माझं काय काम रे? मी पडले शनिवार पाळणारी."

"तुमचंच तर काम हाय! तिनी दिवस इस्राएलवरच सभा. तुमच्या लोकांचं पुढं काय हुणार, समदं बायबलातनं काढून दावणार हायत. पुण्यावनं लई मोटा माणूस आलाय. आन तक्ता कुणी रंगवलाय? ह्या पठ्ठ्यानं. बारा फुटी!"

बारा फूट म्हणताना त्यानं दोन्ही हात असे फाकवले, की दाराची चौकट कमी पडली.

शमुवेल चांदणेला गेल्या सहा वर्षांत एवढं मोठं काम मिळालं नव्हतं. फ्लेक्स आल्यापासून सोलापुरातल्या पेंटरांना कुणी कुत्रं विचारत नव्हतं. कुणी रिक्षा घेतली, कुणी वॉचमन झाला. शमुवेल तेवढा ब्रश धरून बसला होता. शाळेच्या भिंती, दुकानांची शटरं, असं काय काय करत होता. हा तक्ताही आधी फ्लेक्सवाल्याकडेच गेला होता. पण त्याच्या कॉम्प्युटरनं सगळी जोडाक्षरं फोडून ठेवली. 'ख्रिस्त' शब्दाची अवस्था तर बघवेना. पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि मग त्यांना आपल्याच मंडळीतला पेंटर आठवला.

शमुवेलनं मांजरपाट ताणला आणि पाळकांनी दिलेल्या कागदाबरहुकूम पेन्सिलीनं चौकटी आखल्या. मग रंगाला बसला. त्याची कामाची रीत उस्ताद मायाप्पानं घालून दिलेली होती. आधी अख्ख्या कापडावरचा लाल उरकायचा, तो वाळला की निळा, शेवटी काळा. एका शब्दातली दोन अक्षरं आज, तर तिसरं परवा. "वाचायला बसू नको," मायाप्पा म्हणायचा, "वाचलं की हात थांबतो. वाचणारा वाचंल, तू काढ." या एका मंत्रावर शमुवेलनं चाळीस वर्षं काढली होती. एकाच भिंतीवर सकाळी एका उमेदवाराला आणि दुपारी त्याच्या वैऱ्याला निवडून आणलं होतं. तक्त्याच्या उजव्या अंगाला एका ओळीत तीस छोटी माणसं काढायची होती, वीस लाल आणि दहा पांढरी. त्यानं पुठ्ठा कापून साचा केला आणि माणसं उठवली. सगळी कशी एका मापाची, गोंडस. त्याला त्यांचं फार कौतुक वाटलं.

रिबेकाबाईंना बोलवायचं त्याच्या मनानं तेव्हाच घेतलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या अलिबागकडून सोलापुरात आल्या. नवरा रेल्वेत, सॅमसाहेब. त्या मिशनच्या दवाखान्यात नर्स. शमुवेलची लेक सुवार्ता पायाळू जन्मली, ती याच बाईंच्या हातावर. पुढे त्याच्या बायकोला, मार्थाला, छातीतला रोग झाला, तेव्हा निवृत्त झालेल्या सिस्टर ती जाईपर्यंत सात महिने रोज संध्याकाळी जखम धुवायला यायच्या. घरातली माणसंही नाकाला पदर लावायची, पण सिस्टरांनी एकदाही लावला नाही. असलं ऋण फेडायचं तरी कसं? सॅमसाहेब गेले तेव्हापासून, नऊ वर्षं, त्यांच्या कबरीवरची अक्षरं दर वर्षदिनाला शमुवेल रंगवायचा. आता त्यांच्या लोकांचा एवढा मान होणार, तर त्यांनी पुढच्या रांगेत नको बसायला?

"बघू," रिबेकाबाई म्हणाल्या. मग नारळाकडे बघून हसल्या. "बरं, येते चल. नाही तरी मलीदा करतेय. तुमच्या लोकांनाही वाटू."

मलीदा हा त्यांचा नवस होता. मुलगा रूबेन तिकडे इस्राएलात, अश्दोदला. युद्ध सुरू झाल्यापासून फोन त्यांच्या उशाला असायचा. मागच्या महिन्यात रूबेनच्या घरासमोरची इमारत क्षेपणास्त्रानं बसली. तो, सून आणि दोन नाती तळघरात होते म्हणून वाचले. त्या दिवशी रिबेकाबाईंनी एलियाहू नबीला मलीदा बोलला होता. भिजवलेले गोड पोहे, खोबरं, वेलदोडा, बदामाचे काप, वर फळं. बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी यहूद्यांच्या, घरात आनंद झाला की हेच ताट होतं.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता चर्चच्या मंडपाशी रिक्षातून त्या उतरल्या, तेव्हा अंगावर इस्त्रीची पांढरी साडी आणि हातात मोठा स्टीलचा डबा होता. शमुवेलनं मिरवत मिरवत त्यांना मधल्या खुर्चीवर नेलं आणि शेजारी स्वतः बसला. समोर त्याचा तक्ता वाऱ्यानं जरासा हलत होता.

ब्रदर नथनिएल, तो पुण्याचा पाहुणा, माणूस गोड होता. आवाज मऊ, हातात वेताची छडी. त्यांनी अब्राहामापासून सुरुवात केली. हे लोक देवाच्या डोळ्याची बाहुली आहेत, म्हणाले. यांना जो आशीर्वाद देईल त्याला आशीर्वाद मिळेल. दोन हजार वर्षं जगभर विखुरलेले हे लोक पुन्हा आपल्या भूमीत गोळा होताहेत, एकूण एक यहूदी तिथं परतणार, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या झाल्या. रिबेकाबाईंनी मान डोलावली. शमुवेलची छाती शर्टात मावेना. त्यानं मागे वळून दोघातिघांना डोळ्यांनीच खुणावलं, की त्या ह्याच बरं का.

छडी उजवीकडे सरकली. ख्रिस्ताची मंडळी स्वर्गात वर घेतली जाईल, ते म्हणाले. विश्वासणारे एकही दुःख न पाहता ढगांत प्रभूला भेटतील. "आमेन!" मंडप म्हणाला. मग खाली सात वर्षांचं महासंकट येईल. "आमेन!" छडी तीस माणसांवर येऊन थांबली.

"आणि ते कुणावर येईल? याच लोकांवर. जे गोळा झालेत, त्यांच्यावर. संदेष्ट्यानं लिहून ठेवलंय. दर तिघांतले दोघे मरतील." छडी लाल माणसांवरून टकटक करत गेली. "मागच्या महायुद्धात यांचे साठ लाख गेले. हे त्याहून मोठं असेल. पण हा उरलेला तिसरा हिस्सा पाहा! हा आपल्या राजापुढं गुडघे टेकेल! आणि भावांनो, आज टीव्हीवर तुम्ही जे युद्ध बघताय ना, ती त्याचीच सुरुवात आहे. आनंद करा! वेळ जवळ आली आहे!"

"आमेन!"

शमुवेलही म्हणाला. स्वर चढला की आमेन म्हणायचं, ही लहानपणापासूनची सवय. शब्द तोंडातून गेला, आणि मगच त्याच्या कानांनी ऐकलं होतं ते डोक्यात शिरलं.

तो दगडासारखा बसून राहिला. समोर वीस लाल माणसं. त्यानं मोजून काढलेली. गोंडस. शेजारी बघायची छाती होईना. खाली नजर गेली तर मांडीवरच्या डब्याच्या दोन्ही कड्या रिबेकाबाईंनी घट्ट धरल्या होत्या.

सभा सुटली. पाळकसाहेबांनी ओळख करून दिली तसा ब्रदर नथनिएलांचा चेहरा फुलून आला. त्यांनी वाकून नमस्कार केला. "आई! तुम्ही म्हणजे साक्षात जुन्या करारातली माणसं! तुमच्या लोकांसाठी मी रोज पहाटे गुडघ्यावर असतो." कुणीतरी फोटोसाठी मोबाइल वर धरला.

"फार बरं करता," रिबेकाबाई म्हणाल्या. मग त्यांनी तक्त्याकडे बोट केलं. "एक विचारू का? माझा रूबेन तिकडं आहे. अश्दोदला. त्याची बायको आणि दोन मुली. ते चौघं त्या वीसांत आहेत, का दहांत?"

मोबाइल खाली आला.

"आई, ते... ज्यानं त्यानं मसीहाला स्वीकारणं..." ब्रदर नथनिएल थांबले. मघाशी दीड तास अडखळला नव्हता तो माणूस. "ते देवाच्या हातात आहे."

"धाकटी सहा वर्षांची आहे," रिबेकाबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. वॉर्डात नातेवाइकांशी बोलायच्या तशाच बोलत होत्या. मग त्यांनी डबा उघडला. "घ्या. एलियाहू नबीचा मलीदा आहे. ते चौघं वाचले म्हणून केलाय. तुम्हीही किती वेळ उभे आहात."

ब्रदर नथनिएलांनी ओंजळ पुढे केली. मलीदा हातात घेऊन ते तसेच उभे राहिले. रिबेकाबाईंनी मात्र रांगेनं सगळ्यांना वाटला. पाळकांना, वाजवणाऱ्यांना, सतरंज्या गोळा करणाऱ्या बायकांना. डबा रिकामा होईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

परतताना शमुवेल रिक्षात रिकामा डबा मांडीवर धरून बसला. घर आल्यावर त्या उतरल्या. "अक्षर छान आलंय हो तुझं," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शमुवेल पाळकांच्या दारात उभा. "सायेब, माझा तक्ता उतरवा."

"अरे, दोन दिवस अजून राहिलेत."

"म्हून तर म्हणतोय."

पाळकसाहेब चांगला माणूस. रात्रभर त्यांनाही झोप नसावी. "शमू, ते काय आपण मनचं काढलंय का? शास्त्रात तसं आहे. सगळेच त्याचा असा अर्थ लावत नाहीत, हेही खरं. पण पाहुण्यांना बोलावून त्यांचा तक्ता कसा उतरवू मी?"

"शास्त्रात आसंल. मी अडाणी मानूस, मी न्हाय म्हणत न्हाय. पर सायेब, यिर्मया संदेष्टा आपल्या लोकांचा नाश रडत रडत सांगत हुता. आपन टाळ्या का वाजवल्या?"

तक्ता काही उतरला नाही. पुढचे दोन दिवस शमुवेल कंपाउंडाबाहेर चहाच्या गाड्यावर बसून राहिला. आतून आमेन ऐकू आला की ग्लास खाली ठेवायचा.

सोमवारी सॅमसाहेबांचा वर्षदिन होता. जावं की न जावं? नऊ वर्षांत हा प्रश्न पडला नव्हता. कुठल्या तोंडानं जायचं? आणि न जाऊन तरी कुठं जायचं? शेवटी काळ्या रंगाचा डबा, बारीक ब्रश आणि पट्टी पिशवीत घालून तो दहा वाजता यहूद्यांच्या कबरस्तानाच्या त्या छोट्या आवारात पोचला. दहा-पंधरा कबरी आणि एक कडुनिंब, एवढंच ते आवार. उन्हानं फरशी तापलेली. रिबेकाबाई आधीच आल्या होत्या. छत्री घेऊन कबरीशी उभ्या.

"ये," म्हणाल्या. नेहमीसारख्याच.

तो खाली बसला. दगड ओल्या फडक्यानं पुसला. वर मराठीत नाव, तारखा, आणि त्याखाली ती हिब्रू पाच अक्षरं. उजवीकडून सुरू करायची, एवढंच त्याला ठाऊक. पाचही वळणं डोळे मिटून काढली असती. त्यानं डब्याचं झाकण उघडलं, ब्रश घेतला, आणि तसाच धरून ठेवला.

"सिस्टर, मी आमेन म्हणलो त्या दिवशी."

"ऐकलं की. शेजारीच होतास."

"मला ठावं न्हवतं. आईशप्पत. मी वाचलंच न्हवतं."

"ते ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. छत्री या हातातून त्या हातात घेतली. "म्हणून तर जास्त लागलं रे, शमू. तुझ्या हातचं होतं."

त्याचे डोळे भरले. बाहीनं पुसून तो दगडाकडे वळला.

"हे काय लिवलंय हितं?"

"नऊ वर्षांनी विचारतोस?"

"व्हय. नऊ वर्सांनी विचारतोय."

त्या वाकल्या आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवत गेल्या. "पाच शब्दांची पहिली अक्षरं आहेत. त्याचा जीव जित्यांच्या गाठोड्यात बांधलेला राहो."

शमुवेलनं मान वर केली. "हे तर आमच्या बायबलात हाय की. शमुवेलाच्याच पुस्तकात."

"तुमच्यात आमच्याकडनंच गेलंय बाबा ते," रिबेकाबाई म्हणाल्या, आणि चार दिवसांत पहिल्यांदा किंचित हसल्या.

दगडाचा खालचा अर्धा भाग कोरा होता. कारागिराचा अंदाज चुकला असेल, असं शमुवेलला इतकी वर्षं वाटत आलं होतं. "आन ही खालची जागा?"

"ती माझी."

"रूबेन बोलावतोय न्हवं तिकडं? आन ते ब्रदर म्हणले, समदे तिकडंच गोळा..."

"त्यांनी मला कुठल्या चौकटीत बसवलंय ते त्यांना माहीत. पंचेचाळीस वर्षं मी इथं काढलीत, बाळंतपणं केलीत. माझी जागा ही आहे. वेळ आली की नाव मराठीतच काढ, आणि खाली हीच पाच अक्षरं. आता तुला अर्थ कळलाय, तर चुकणार नाहीस."

शमुवेलनं मान हलवली. ब्रश रंगात बुडवला, टोक डब्याच्या काठावर निरपलं आणि उजवीकडच्या पहिल्या अक्षरावर नेलं. जीव. गाठोडं. मार्था. अश्दोदची ती सहा वर्षांची पोर. मायाप्पा खोटं बोलत नव्हता, हात थांबला.

रिबेकाबाईंनी घाई केली नाही. ऊन त्याच्या मानेवर येत होतं. त्यांनी छत्री स्वतःवरून काढून त्याच्यावर धरली आणि तो पहिली रेघ ओढेपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या.