नवरीने ओलांडलेला मासा

मी एक जुनी, रंगीत खड्यांची फरशी आहे. ट्युनिसियातल्या ऑलिव्हच्या टेकडीवर रोमन लोकांचे एक ओसाड नगर आहे. तिथल्या एका बिनछपराच्या घरात माझा मुक्काम असतो. एका कारागिराने गुडघे टेकून, खड्याला खडा जोडून मला घडवले आणि मधोमध एक गुबगुबीत मासा काढला. जेवायला आलेले पाहुणे माझे कौतुक करत. पुढे नगर उजाड झाले. माझ्यावर माती चढली आणि मातीवर शेळ्या चरू लागल्या.

देवाच्या कृपेने कुणीतरी मला खणून काढले. पण मित्रांनो, माझे फिके रंग लोकांना आवडेनात. येईल तो बाटलीभर पाणी ओतायचा. क्षणभर मी नवी दिसे, पण पाण्याबरोबर माझे खडे सुटत. माशाची शेपटी अशीच गेली. आता पोटाचे खडेही हलू लागले होते.

एका रविवारी मोंजियाबाई सहलीला आल्या. सोबत मुलगा फौजी आणि नवी सून नौरेस.

मोंजियाबाई म्हणाल्या, "हा बघा मासा! आपल्याकडे नवरानवरीने सात वेळा मासा ओलांडायची रीत. तुमच्या लग्नात वादळामुळे होड्याच निघाल्या नाहीत, मासा ओलांडायचा राहून गेला. आज ओलांडा दोघं. संसाराला बरकत येते."

"आई, दगडाचा आहे तो!" फौजी हसला.

"बरंय की, वास तरी येत नाही! थांब, जरा ताजा करते." त्यांनी बाटलीचे झाकण काढले.

आता पोटाचे खडेही जाणार!

तेवढ्यात राखणदार बशीरकाका धावत आले. "ताई, पाणी नको! खडे निघतात. वर पायही देऊ नका."

"मग माझ्या सुनेनं काय उडत जायचं?"

मोंजियाबाई हटेनात. तेव्हा नौरेस हळूच म्हणाली, "आई, ओलांडायचं म्हणजे वरून जायचं ना? त्याला पाय कशाला लागायला हवा? काका, ती कोपऱ्यातली लांब फळी कसली हो?"

"तिच्यावर ओणवा होऊन मी झाडतो, पोरी."

काकांनी फळी या पडक्या, बुटक्या भिंतीवरून त्या भिंतीवर टेकवली. नवराबायको हातात हात घालून सात वेळा माशावरून गेली. मग मोंजियाबाईही चढल्या. फळी करकरली, तसा फौजी हसला.

"हसतोस काय मेल्या, हात धर!"

ज्या पावलांसाठी मला घडवले, ती पुन्हा माझ्यावरून गेली आणि एकही खडा हलला नाही. उतरल्यावर मोंजियाबाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "कोरडाही गोड दिसतो गं!" आणि बाटली त्यांनी घामाघूम काकांच्या हाती दिली.

मित्रांनो, तुम्हीही या. माझे रंग आता माझ्या वयाचे आहेत. ते तसेच बघा, जरा वाकून, जरा थांबून. मी तेवढ्यानेच भरून पावते.