टोपीवाल्या राजाला पाहिलेली दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. नाटकगृहात भाड्याने मिळते ना, तसली, तळहाताएवढी, पितळेची. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्याने आधी आपला जन्म सांगावा अशी रीत आहे. मी मात्र आधी एका घड्याळजीचा हिशेब मांडणार आहे.

एका रविवारी दुपारी हा घड्याळजी आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन नाटकाला आला. तीन तास अंधारात बसून त्याच्या पदरात काय पडणार होतं? एक, सोमवारची डोळ्यांच्या डॉक्टरची भेट टळणार होती. दोन, ती टळली की दुकानातली खिडकीजवळची त्याची जागा शाबूत राहणार होती. आणि दोन वर्षं हट्ट धरून बसलेल्या लेकीच्या लेखी तो दिलदार बाप ठरणार होता, तो फायदा वरचा. सौदा वाईट नव्हता. मीही तेव्हा तसंच म्हटलं असतं.

आता जन्म. एका लहानशा कारखान्यात आम्ही छत्तीसजणी एकाच आठवड्यात तयार झालो. एक म्हातारा कारागीर दिवसभर काचा घासायचा आणि प्रत्येक काच उजेडात धरून तिच्याशी भांडायचा. "बघतेस की नाही नीट?" असं तो मला तीनदा म्हणाला होता. माझ्या अंगावर एकोणीस आकडा कोरला, मधे फिरवायचं चाक बसवलं, पुढच्या काचांना चामड्याची दोन काळी झाकणं बांधली आणि आमची पेटी या नाटकगृहात येऊन पडली.

इथे आमची मालकीण म्हणजे बूटमावशी. दुर्बीण घेऊन लोक पसार होतात म्हणून मावशीने एक नामी युक्ती काढली होती. ती अनामत म्हणून डाव्या पायातला बूट काढून घ्यायची. "एका बुटावर कोण किती लांब पळणार?" असं ती म्हणे. मागे फळीवर डावे बूट ओळीने मांडलेले आणि आत मोठमोठे लोक एक पाय मोज्यात घेऊन बसलेले. चव्वेचाळीस वर्षांत एकही दुर्बीण चोरीला गेली नाही.

कामाच्या वर्षांत माझं कौतुक पुष्कळ झालं. "काय स्वच्छ दिसतं हो!" असं सगळेच म्हणत. काय दिसतं ते मात्र विचारू नका. नाटकाला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक नाटक बघतच नाहीत. कुणी समोरच्या सज्जातल्या जावेचा हार बघतो, कुणी आपला साहेब कुणाबरोबर आलाय ते बघतो. एका बाईंनी अख्खा पहिला अंक आपल्या व्याह्यांच्या डुलक्या मोजण्यात घालवला. अठरा भरल्या. मी सगळं जवळ आणून दिलं आणि तोंड मिटून बसले. मला तोंड नाहीच म्हणा.

दर दोन वर्षांनी मात्र सगळे नाटकच बघत. ती एक फिरती संगीत नाटक मंडळी होती. पाच मालमोटारी भरून सामान, वीस वादक आणि चाळीस टोप्या. एक टोपीवाला राजा होतो आणि प्रत्येक माणसासमोर वेगळी टोपी घालतो, अशी ती गोष्ट. तिची गाणी न्हाव्याच्या दुकानापासून शाळेच्या बसपर्यंत सगळीकडे वाजत. तिकिटं महिनाभर आधी संपत.

तर त्या रविवारी घड्याळजी मावशीच्या खिडकीपाशी आला, वाकला, बूट काढला. मावशीने खाली पाहिलं. एक पाय काळ्या मोज्यात आणि उजव्या बुटातून डोकावणारा मोजा तपकिरी.

"साहेब, घरातले दिवे गेले होते का सकाळी?"

"घाई झाली हो," तो हसला. "आमच्या खारूताईने दम काढू दिला नाही."

खारूताई म्हणजे ती मुलगी. सापडेल ते खिशात साठवायची म्हणून हे नाव. "बाबा, शी! सगळे बघतायत," असं म्हणत ती लाजून त्याच्या पायांपुढे उभी राहिली. मावशीने मला तिच्या हातात दिलं. "मध्यंतरात झाकणं लावायची हं बाळ. पोरं आईस्क्रीम सांडतात काचेवर."

त्यांच्या जागा शेवटच्या रांगेत होत्या. पडदा उघडण्याआधी तो तिला हळूच म्हणाला, "आई काय म्हणाली, आहे ना लक्षात?"

"हो. बाबाला शेवटच्या रांगेतून टोप्या दिसल्या तर डॉक्टर नको. नाही दिसल्या तर उद्या सकाळी नऊला."

"एवढंसं काय झालं, तर तुझी आई निघाली डॉक्टरकडे. चहा एकदा बशीबाहेर सांडला माझ्या हातून."

"चारदा, बाबा."

"तुझी आई मोजते आणि तू पाठ करतेस! डॉक्टर काय करतो माहितेय? बारीक काम बंद म्हणून लिहून देतो. मग मालक म्हणणार, या आता घरी. मग मी करू काय? भिंतीवरची घड्याळं पुसू?"

"मला कळतं की ते," खारूताई म्हणाली आणि तिने त्याचा हात धरला.

दिवे मंदावले. आधी तिने मला डोळ्यांशी धरलं, चाक फिरवलं, आणि राजा एकदम तिच्या मांडीवर येऊन बसल्यासारखा दिसायला लागला. "बाबा, लाल टोपी! तिच्यावर कोंबडा आहे!" मग मी बापाकडे गेले. त्याने सवयीने एक डोळा मिटला आणि मला एकाच डोळ्याला लावलं. घड्याळजी भिंग लावतो तसं. चाकाला त्याने हात लावला नाही.

मित्रांनो, माझ्यासारखीला मागचा डोळा लगेच कळतो. बघणारा डोळा हलतो, शोधतो, लहान-मोठा होतो. हा डोळा पाटीसारखा स्थिर होता. पण माणूस हुशार. गाणी त्याला तोंडपाठ. मुलगी जे सांगायची तेच तो दोन ओळींनंतर स्वतःचं म्हणून सांगायचा. "कोंबड्याचा तुरा बघ कसा हलतोय!" पुढच्या रांगेतले हसले की तोही हसे, अगदी चोख. पहिला अंक त्याने असा उसनवारीवर पाहिला आणि खारूताई खूश झाली. दिसतंय बाबाला!

मध्यंतरात तिने शहाण्या मुलीसारखी माझी दोन्ही झाकणं लावली. दोघांनी आईस्क्रीम खाल्लं. घंटा झाली, अंधार झाला, आणि त्याने मला तिच्या मांडीवरून चाचपत उचललं.

दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच ते प्रसिद्ध दृश्य आहे. राजा एकेक टोपी उतरवत जातो आणि शेवटी उघड्या डोक्याने उभा राहतो. वादक थांबतात. हजार माणसांत कुणी खोकतसुद्धा नाही. राजा असा बोडका उभा असताना, माझ्या दोन्ही काचांवर काळी झाकणं असताना, घड्याळजी माझ्यातून बघत हळूच म्हणाला, "वा! काय हिरवीगार टोपी आहे!"

खारूताईने वळून पाहिलं. आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे. तिचा हात अर्ध्यावर आला आणि थांबला.

"दिसतेय ना बाबा?"

"म्हणजे काय! टाका अन् टाका दिसतोय."

तिने राजाच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "दे जरा. काच पुसते." तिने मला घेतलं, आवाज न करता दोन्ही झाकणं काढली, फ्रॉकला काचा पुसल्या आणि मला परत त्याच्या हातात ठेवलं.

"हां," तो म्हणाला, "आता आणखी स्वच्छ दिसतंय."

नाटक संपल्यावर ती त्याच्या पुढे उड्या मारत, मोठ्याने पायऱ्या मोजत उतरली. एक, दोन, तीन... बघणाऱ्याला वाटावं, पोरीला मोजायची हौस आहे. सतरा पायऱ्या. तो एकाही पायरीवर अडखळला नाही. त्याने बूट घालताना मावशीने विचारलं, "कसं वाटलं?" खारूताईने बाबाच्या आधी उत्तर दिलं, "बाबाला सगळ्या टोप्या दिसल्या."

दोन वर्षांनी मंडळी पुन्हा आली. त्या दुपारी मावशीच्या खिडकीपाशी बारा वर्षांची मुलगी उभी राहिली. मागच्या बाकावर तिचा बाप गुडघ्यांमध्ये काठी धरून बसला होता.

"अगं, तू ती पायऱ्या मोजणारी!" मावशी म्हणाली. मग तिने बाकाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कधी झालं गं?"

"रक्तात साखर होती. कुणाला माहीत नव्हतं. डोळ्यांच्या मागचा पडदा खराब होत गेला. दुकानात शेजारचे काका त्याची घड्याळं परत उघडून नीट लावायचे, म्हणून तिथेही कळलं नाही. एक दिवस जिन्यात पडला, तेव्हा आई ओढत घेऊन गेली."

"काय म्हणाले डॉक्टर?"

"म्हणाले, आठ महिने आधी आणायला हवं होतं. निम्मी नजर वाचली असती. आता गेली ती गेली."

मावशी बूट मांडत राहिली. खारूताई मात्र थांबेना. "आठ महिने म्हणजे तो सोमवार, मावशी. मी मोजलं. मला कळलं होतं त्या दिवशी. मी आईला सांगितलं, सगळं दिसलं."

"तू लहान होतीस गं."

"झाकणं काढण्याएवढी मोठी होते."

"घरी बोललीस कधी?"

"नाही. बाबा सगळ्यांना सांगतो, ते नाटक मी डोळे भरून पाहिलं. म्हणतो, नजर जाता जाता तेवढं एक बघून घेतलं. आता काय सांगू त्याला?"

मावशीला मोजे आठवले असणार. तिने मान खाली घातली आणि एक सुटी नाडी उगाच ओवत बसली. मुलीने डावा बूट काढून दिला आणि मी पुन्हा तिच्या हातात आले.

या खेपेला ती त्याच्या कानात नाटक सांगत होती. "आता पिवळी. आता पिसांची." मागचा एक गृहस्थ करवादला, "अहो ताई, आम्हीही तिकीट काढलंय!" मग ती आणखी हळू सांगायला लागली. मधेच बाप म्हणाला, "नाही गं, ही निळी असते. मागच्या वेळी मी पाहिलीय ना." टोपी राखाडी होती.

"हो, निळीच," खारूताई म्हणाली. "मी चुकले."

तो म्हणाला, "मला सांगत बसू नकोस, तू बघ." तिने मला डोळ्यांशी धरलं. राजा एकेक टोपी उतरवत होता. माझ्यामागे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले होते आणि काचा ओल्या होत होत्या.

त्यानंतर मंडळीच बंद पडली म्हणतात. मावशीही गेली. नवीन लोकांनी आमची पेटी अडगळीच्या खोलीत, तुटक्या खुर्च्यांखाली ढकलली. माझं चाक गंजलंय आणि एका काचेवर बुरशीची नक्षी आलीय. मला कुणी पुसावं असं मी म्हणणार नाही. माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. आपल्या माणसाला दिसत नाही, ऐकू येत नाही, चालवत नाही, हे तुम्हाला कळलं, तर त्याची लाज झाकू नका. त्याच दिवशी, तो रागावला तरी, घरात मोठ्याने सांगा. उशिरा सांगून काय उपयोग होतो, ते मला तरी कुठे दिसलेलं नाही.

आता शेवटची बेरीज. घड्याळजीला खिडकीजवळ आणखी आठ महिने मिळाले आणि जन्मभर सांगायला एक न पाहिलेलं नाटक मिळालं. मालकाला आठ महिने काम मिळालं. आईला एक निर्धास्त सोमवार मिळाला आणि मंडळीला दोन भरलेल्या खुर्च्या. शेजारपाजारचे म्हणतात, बिचाऱ्या बापाने डोळ्यांनी किंमत मोजली. त्याने निम्मीच मोजली. उरलेली निम्मी त्या मुलीच्या नावावर आहे. ती रोज सकाळी त्याला एकाच रंगाचे मोजे काढून देते आणि अजून भरते आहे, आणि तिची बाकी किती आहे हे घरात कुणालाच ठाऊक नाही.