हळद लागलेली बैलगाडी

मित्रांनो, परसात ज्या लाकडांवर कोंबड्या खुशाल बसल्या आहेत ना, ती मी. मिठागरवाल्या दामाजीची जुनी बैलगाडी. आज माझा हा अवतार आहे. पण कल्याणला आगगाडीचे नवल होते तेव्हा मिठाच्या गोणी मीच वाहत असे, आणि तेही ऐटीत.

माझ्या चाकांवर दाबायचा एक लाकडी ठोकळा होता. उतारावर दोरी ओढली की तो घट्ट बसे आणि करकर करत मला थांबवी. दामाजीची बहीण शेवंती हिला त्या करकरीचा भारी राग.

दामाजीच्या लेकीचे, जनीचे, लग्न ठरले. लेक आपल्याच गाडीतून टेकडीपलीकडे सासरी जाणार, असे त्याने गावभर सांगून ठेवले. हळदीच्या दिवशी जनीला लावून उरलेली तेल-हळद शेवंतीने मला फासली. घरची गाडी, तिलाही मान हवा! लग्नात करकर नको म्हणून ठोकळ्यावर तर तिने अख्खी वाटी उपडी केली. मी काय लाजले म्हणून सांगू!

दुसऱ्या सकाळी दामाजीने मला घराजवळच्या उतारावर आजमावले. दोरी ओढली, ठोकळा बसला, पण मी थांबेना. बैल, मी आणि दामाजी, सगळेच शेजारच्या नाथाच्या पेंढ्यात जाऊन पडलो.

"माझी गाडी जुंपू का रं?" नाथाने हसत विचारले.

दामाजीचे तोंड एवढेसे झाले. त्याने दोरी बदलली, ठोकळा ठोकून पाहिला, बैलांना शिव्या घातल्या. मला सारे ठाऊक होते, पण गाडीला कोण विचारतो?

तेवढ्यात त्याची बायको गंगुबाई चुलीतली राख काढून परसात टाकायला आली. तिने ठोकळ्याला हात लावला, हात सर्रकन घसरला. घरातल्या शेवंतीला ऐकू जाईल अशी ती ओरडली,

"अगो बाय! यो तेलात न्हायलाय! वन्सं, नवरी जनी हाय का गाडी?"

तिने राख आणि काथ्या घेऊन ठोकळा भांड्यासारखा घासायला घेतला. दामाजी घाबरला. "अगं, हळद पुसतेस? अपशकुन होईल!"

"टेकडीच्या उताराखाली खाडी हाय. लेक खाडीत गेली तर कंचा शकुन?"

दामाजी राख आणून देऊ लागला.

त्याच दिवशी लग्न लागले, आणि जनीला सासरी नेताना टेकडीच्या उतारावर मी अशी करकरले की वऱ्हाडाने कानांत बोटे घातली. रडणारी जनी खुदकन हसली, आणि दामाजी रडू लागला.

मित्रांनो, माया करा, पण ज्याच्यावर कराल त्याचे काम काय आहे, तेही एकदा पाहा. आता माझी एकेक फळी चुलीत जाते आणि माझ्याच राखेने भांडी घासली जातात. त्याचे मला वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? ठोकळ्याला मात्र गंगुबाई कुणाला हात लावू देत नाही. जनीला तेवढी मुभा आहे. माहेरी आली की ती आधी त्याच्यावर बोट फिरवते, घसरत तर नाही ना पाहते, आणि मगच घरात जाते.