कोणता 'ओह'

तिने हेडफोन कानांवर दाबले आणि पडद्यावरच्या बाईने दार उघडताच पुन्हा म्हटलं, "ओह."

"नाही," काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला. "हा किल्ली हरवल्याचा झाला, ताई. दारात पोलीस उभे आहेत. नवरा गेल्याचं सांगायला आलेत."

परदेशी मालिकांतल्या बायकांना मराठी आवाज देण्यात तिची निम्मी हयात गेली होती. रडणं, भांडणं, बाळंतपण, सगळं तिने याच खोलीत उभ्या उभ्या पार पाडलं होतं. आज मात्र एवढ्याशा शब्दावर गाडं अडलं होतं. भाषांतरकाराने आधी 'अगं बाई' लिहिलं, मग 'अरे देवा'. पण त्या बाईचे ओठ गोल व्हायचे आणि मराठी शब्द त्यांत काही केल्या बसायचे नाहीत. शेवटी त्याने हात टेकले आणि मूळचा 'ओह' तसाच ठेवला.

"इंग्रजांचं बरं आहे," तो मागच्या खुर्चीतून म्हणाला. "नवल वाटलं, ओह. वाईट वाटलं, ओह. विसरलेलं आठवलं तरी ओहच. म्हणे लॅटिनमधून आलाय. मला विचाराल तर कुणाला तरी कळ आली असेल आणि घशातून निघाला असेल."

एरवी तिने त्याला फिरकीचं उत्तर दिलं असतं. आज तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सकाळी नवऱ्याच्या पोटाची सोनोग्राफी झाली होती. नुसतं पित्त आहे, तू कशाला येतेस, असा त्याचा धोशा होता, तरी ती हट्टाने गेलीच. गाडी लावून ती आत शिरली तेव्हा तो टेबलावर पडला होता. डॉक्टरांनी मान वर केली आणि म्हणाले, "ओह." मग म्हणाले, "या, बसा." रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता.

तेव्हापासून तो 'ओह' तिच्या डोक्यात भुणभुणत होता. मशीनवर गाठ दिसली असेल का? की नुसता खडा? पण खडा बघून डॉक्टर कशाला दचकतील? नवऱ्याने तिची खिल्ली उडवली होती. डॉक्टरांना शिंक आली असेल म्हणे. आता तो बाहेरच्या सोफ्यावर पेपर वाचत बसला होता आणि तिला त्याचा राग येत होता, भीतीही वाटत होती.

"ताई, घेऊ या?"

पडद्यावर दार उघडलं. तिने काही ठरवलं नव्हतं. तोंडातून डॉक्टरांचाच 'ओह' बाहेर पडला. जरासा वर चढला आणि मध्येच दबला.

"मस्त आहे," दिग्दर्शक म्हणाला, "पण इथला नाही. यात बातमी कळल्याचं काहीच नाही."

"मग कशाचा आहे?"

"हा आधीच सगळं माहीत असलेल्याचा. ज्याच्यापासून लपवायचं तोच माणूस दारात येऊन उभा राहतो ना, तेव्हाचा. अरेच्चा, या पण आल्या का, आता बोलायचं कसं, असा."

भाषांतरकार हसला. "याला मात्र मराठीत शब्द सापडायचा नाही."

तिने हेडफोन काढून ठेवले. डॉक्टरांनी मान वर केली होती. मशीनकडे नाही, दाराकडे पाहिलं होतं.

"आलेच," म्हणत ती बाहेर गेली.

"झालं एवढ्यात?" नवऱ्याने पेपर खाली केला.

ती त्याच्या शेजारी बसली. "अहो, त्या डॉक्टरांकडे तुम्ही याआधीही जाऊन आलात ना?"

त्याने पेपरची घडी घातली. घडी नीट बसली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली.

"रडलीस की तुझा आवाज बसतो," तो म्हणाला. "म्हटलं, एवढी मालिका होऊ दे."

आतलं दार किलकिलं झालं. "ताई, येताय ना?"

"आले," ती म्हणाली. पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही.