परमिट परत येईपर्यंत

"अर्धा तास म्हणजे किती अर्धे तास, तेवढं सांग," हे फोनवर म्हणाले.

पलीकडून सबस्टेशनचा ऑपरेटर काहीतरी गुळमुळीत बोलला. मला हसू आलं असतं, पण संताप त्याच्या आधी आला. लाइनमनच्या नोकरीत तीस वर्षं ह्यांनी स्वतः लोकांना हेच उत्तर दिलं होतं. येईल, अर्ध्या तासात येईल. आता तेच उत्तर पदरात घेऊन हे खोलीत उभे होते. पोटातून निघालेली वायर कमरेच्या डबीला, डबीच्या वायरी काखेतल्या बॅटऱ्यांना.

ह्यांच्या हृदयाला आत पंप बसवला आहे. घरात तो भिंतीच्या प्लगवर चालतो, बाहेर बॅटऱ्यांवर. तो रक्त सलग ढकलत राहतो, म्हणून ह्यांच्या मनगटाला नाडी लागत नाही. पहिल्यांदा जवळच्या दवाखान्यात गेलो तेव्हा तिथल्या मुलीने मनगट धरलं आणि तिचाच चेहरा पांढरा पडला. "अगं, मी बोलतोय ना," हे तिला म्हणाले.

आमच्याकडे चार बॅटऱ्या. एक जोडी भरलेली असेल तर सहा तास. हे गणित मला झोपेतून उठवून विचारा. इस्पितळाने वीज कार्यालयाला पत्र दिलं होतं, की या घराची वीज बंद करण्याआधी फोन करावा. ते मी स्वतः नेऊन दिलं, शिक्का मारून पोच घेतली. आणि काल दुपारी वीज गेली ती आज पहाटे साडेपाचला आली. फोन नाही. इन्व्हर्टरने मध्येच मान टाकली, चारही बॅटऱ्या संपत आल्या. पहाटे त्या चार्जरला लावून जरा टेकते न टेकते तोच सातला पुन्हा वीज गेली. दुरुस्ती म्हणे. पुन्हा फोन नाही. त्या पत्राची होडी करून सोडली असावी मेल्यांनी.

अकराच्या बसने आम्हाला ताईंकडे जायचं होतं. ताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण. आई गेल्यावर त्यांनीच ह्यांना वाढवलं, पस्तीस वर्षं नर्सची नोकरी करून. ऑपरेशनपासून अकरा महिने प्रवास बंद होता. तेवढ्या काळात ताईंना एकेक आठवेनासं झालं. आज सकाळी भाचेसुनेचा फोन आला. "मामी, आज आईंना सगळं आठवतंय. मामा येणार म्हणून दारात खुर्ची टाकून बसल्यात. याच हं नक्की."

जादाची डबी, डॉक्टरांचं पत्र, वाटेवरच्या इस्पितळांचे नंबर, सगळं मी बॅगेत भरून ठेवलं होतं. अडलं होतं बॅटऱ्यांपाशी. दोन्ही जोड्या भरल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. दीड तासात त्या निम्म्याच भरल्या होत्या. वीज आता आली असती तर कसंबसं जमलं असतं.

साडेआठला ऑपरेटरचाच फोन आला. हा ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. ह्यांनी स्पीकर लावला.

"उस्ताद, काम झालंय बहुतेक. हेल्पर खाली उतरलाय. परमिट तेवढं आलं नाही, आणि लाइनमनचा फोन लागत नाही. तुमच्यासाठी लाइन चालू करून टाकू का?"

"टाक ना बाबा!" मी ओरडले.

परमिट म्हणजे एक कागद. लाइनमन तो सही करून घेतो, मग खांबावर चढतो. खाली उतरून तो स्वतः परत करेपर्यंत लाइन चालू करायची नाही.

"लाइनमन खाली आलाय?" ह्यांनी विचारलं. "तू बघितलास?"

"बघितला नाही, पण झालं असेल..."

ह्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं अशाच एका 'झालं असेल'ने नेली आहेत.

"स्विचला हात लावलास तर तिथे येऊन तंगडं मोडीन!" ऑपरेशननंतर एवढा आवाज मी ऐकला नव्हता. "कागद हातात येईपर्यंत गप खुर्चीवर बस. माझं नाव सांगून कुणाला जाळू नकोस!" आणि फोन आपटला.

मग मी सुटले. "तो कोण कुठला लाइनमन! आणि तुम्ही? तुमचं काही झालं तर तो कागद घेऊन बसू का मी? तिकडे ताई वाट बघतायत!"

"तीस वर्षं मी खांबावर चढायचो," हे म्हणाले, "तेव्हा तू घरात कशाच्या जोरावर निवांत बसायचीस?"

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळली.

दहाला डबी पिपाणीसारखी ओरडू लागली. मी बॅटऱ्या बदलल्या, एकावेळी एकच, ओठ मिटून. आता उरलेली जोडी शेवटची. अकराला बस गेली. बाराला मी इस्पितळाची गाडी मागवली. तीही अर्ध्या तासात येणार होती. हे खुर्चीत बसून राहिले, हालचाल न करता. जणू तेवढ्याने बॅटरी वाचणार होती.

एकला दहा मिनिटं असताना पंखा फिरला. मी धावत जाऊन ह्यांची वायर प्लगवर घेतली आणि गाडी नको म्हणून कळवलं, तर ती निघालीच नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. तो मीच उचलला.

"परमिट आलं, काकू."

"सकाळी तू फोन केलास, तेव्हा तो माणूस वर होता की खाली?"

"वर होता. पलीकडच्या खांबावर. आम्हाला दिसला नाही."

मी फोन ठेवला. राग होता तेवढाच होता, फक्त तो कुणावर काढावा ते कळेना. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "चार्जरचा दिवा लागलाय का बघ."

दुसऱ्या दिवशी चारही बॅटऱ्या भरून अकराच्या बसने गेलो. भाचेसून दारातच म्हणाली, "मामा, काल आला असता तर..." आणि तिने जीभ चावली.

ताई खुर्चीत होत्या. हे शेजारी बसले. "ताई, मी आलोय."

ताईंनी ह्यांच्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. मग त्यांनी ह्यांचं मनगट उचललं, तीन बोटं टेकवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली. बोटं जरा सरकवली. दुसरं मनगट घेतलं. बराच वेळ शोधलं. मग तो हात अलगद ह्यांच्या मांडीवर ठेवला आणि वॉर्डातल्या आवाजात मला विचारलं, "यांच्या नातेवाइकांना कळवलंत का?"

मी तोंड उघडलं. ह्यांनी मला डोळ्यांनीच थांबवलं.

"कळवलंय, सिस्टर," हे म्हणाले. "एक बहीण आहे. येईल अर्ध्या तासात."

"मग तोवर मी बसते इथे," ताई म्हणाल्या, आणि तो हात त्यांनी पुन्हा हातात घेतला.