घोंगडीवरचं पायताण

अंबूबाईंनी रंगाची बोथट सुरी उचलली आणि म्हाताऱ्या धनगराच्या पायातलं पायताण कॅनव्हासवरून खरवडून काढलं. दोन दिवस खपून रंगवलेलं पायताण ते! ओल्या रंगाचा तपकिरी लगदा त्यांनी चिंधीला पुसला.

"अहो, हे काय करताय?" वीरधवल सर मागून ओरडले.

साताऱ्यातल्या त्यांच्या वर्गात नियम एकच. तैलरंग शिकायचे तर आधी सरांच्या चित्राची हुबेहूब नक्कल करायची. चित्र म्हसवडच्या एका गल्लीचं, तीस वर्षांपूर्वी काढलेलं. कौलं, सारवलेला ओटा, भिंतीवरचं ऊन, सगळं इतकं खरं की हात लावून बघावंसं वाटे. ओट्यावर घोंगडी अंथरून एक म्हातारा पाय मुडपून बसलेला. अंबूबाई म्हसवडच्याच, धनगराघरच्या. साठीला आल्यावर त्यांनी ब्रश धरला होता. कॅनव्हासवर चौकोन आखायचे आणि एका वेळी एकच चौकोन बघायचा, ही सरांची शिकवण. सहा महिने त्यांनी ती इमानानं पाळली. आज पहिल्यांदाच त्यांनी दोन चौकोन जोडून पाहिले. वर पायताण, खाली घोंगडी. डोकं सणकलंच त्यांचं.

"घोंगडीवर पायताण घालून बसलाय त्यो," त्या म्हणाल्या. "आवं, घोंगडीवर आमी देव मांडतो. आमचा मानूस असा बसंल व्हय?"

"अंबूबाई, नक्कल म्हणजे नक्कल. रविवारी प्रदर्शन आहे. आहे तसं काढा, नाहीतर तुमचं चित्र लागणार नाही."

रविवारी अंबूबाईंचा भाऊ बिराप्पा म्हसवडहून भावकीला घेऊन येणार होता. अंबूचं चित्र लागलंय म्हणून त्यानं जीपसुद्धा ठरवली होती. चित्र लागलं नाही तर चारचौघांत हसं. आणि लागलं तर ती माणसं आधी काय बघणार? पायताणच की!

"न्हाई लागलं तर ऱ्हाऊ दे," त्या फणकारल्या. "पर असलं खोटं मी काढायची न्हाई. तुमी तरी डोळ्यानं बगितलं व्हतं का त्याला असं बसल्यालं?"

सरांनी हातातला ब्रश खिडकीत ठेवला.

"अनवाणीच होते ते," ते म्हणाले. "पायताण ओट्याखाली काढून ठेवलं होतं. मी घालायला लावलं."

"आन् त्यांनी घातलं?"

"नको नको म्हणत होते. मी हट्टच धरला. मग चित्र होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही."

अंबूबाईंनी सरांच्या चित्राकडे पाहिलं. ती खाली गेलेली मान! 'चेहऱ्यावरचा विनम्र भाव बघा,' असं सहा महिने सर वर्गाला सांगत आले होते. तो भाव साधावा म्हणून अंबूबाईंनी चार वेळा चेहरा पुसून काढला होता. त्या संतापून सरांकडे वळल्या.

"पर कशापायी? काय अडलं व्हतं तुमचं?"

"पाय जमत नव्हते मला," सर पुटपुटले. "त्या भेगा, ती बोटं. अजून जमत नाहीत."

अंबूबाईंनी चपला काढल्या. स्टूल ओढलं आणि मेंढरांमागं माळ तुडवून भेगाळलेला आपला उजवा पाय त्यावर ठेवला. मग ब्रश सरांपुढं धरला.

"आता नक्कल तुमी करा. आदी ह्यो पाय तुमच्या चित्रात काढा. मग मी तसंच्या तसं माज्यात काढीन."