घमेल्याखालचं पाऊल

पासष्टच्या लढाईतलं पितळी नळकांडं होथीखानच्या शेळीच्या गळ्यात घंटा म्हणून वाजतं. आज सकाळी त्यात चिंधी कोंबलेली होती; रात्री कुणीतरी तिचा आवाज बंद केला होता.

माळढोकाच्या पावलात मागचं बोट उमटत नाही, हे सरहद्दीवरच्या चौकीच्या बडोनीसाहेबांना होथीखानने शिकवलं.

चार दिवसांपूर्वी सरहद्दीपलीकडून फोन आला. होथीखानची सासू, बायको हूरांची आई, गेली.

वाळूवर घमेलं पालथं घातलं होतं.

"उचल, चाचा," बडोनीसाहेब म्हणाले.

होथीखानने उचललं. सरहद्दीच्या कुंपणालगतची वाळू रोज संध्याकाळी फळी ओढून सपाट करतात. सकाळी तिच्यावरून कोण गेलं, ते खोजी होथीखान सांगतो. चौतीस वर्षं. पाऊल वाऱ्याने मोडू नये म्हणून त्यावर घमेलं घालायची रीत त्याच्या बापाची.

ठशात टाचेला चंद्रकोरीसारखं ठिगळ होतं.

"काय दिसतंय?"

"गावाकडून आलं, गावाकडेच गेलं."

"ते मलाही दिसतं. इथं गुडघे टेकलेत. काय पुरलं?"

"वाळू उकरलेली नाही, साहेब. नुसतं टेकलंय."

"कुणी?"

पावलं आखूड. बोटं आत वळलेली. डावी टाच घासत गेलेली. जोडा होथीखानचा, चाल हूरांची. सकाळी जोड्यातून कुंपणाजवळची तांबडी वाळू निघाली, तेव्हा त्याने बायकोकडे पाहिलं होतं. ती भाकरी थापत राहिली, नको इतकं मन लावून.

"जोड्याची टाच दाखव," साहेब म्हणाले.

त्याने दाखवली.

"माझंच पाऊल, साहेब. सासू वारली. दुवा मागायला आलो होतो."

"गावातली मशीद पडली काय? आणि तुझी टांग उंटाची, पावलं कोंबडीची? कुणाला वाचवतोस? चालून दाखव."

होथीखानने डावा गुडघा किंचित आखडला. बोटं आत घेतली. आणि चालला. विहिरीवरून घागर घेऊन परतताना, शेळ्यांमागे जाताना, बेचाळीस वर्षं ही चाल त्याने मागून पाहिली होती. दहा पावलं. गुडघे टेकले. उठताना डाव्या हाताने मांडी धरली, ती धरते तशी.

साहेब वाकले. जुना ठसा, नवा ठसा. बराच वेळ पाहत राहिले.

"गुडघा कधीपासून दुखतो?"

"थंडीपासून."

"येताना तर सरळ आलास."

होथीखानने घमेलं उचलून काखेत मारलं.

साहेबांनी बुटाने दोन्ही ठसे मोडले. मग गुडघ्यांच्या खुणाही.

"उद्यापासून येऊ नकोस. स्वतःचं पाऊल ओळखायला ज्याला एवढा वेळ लागतो, तो खोजी मला नको."

घरी हूरां दारातच होती.

"कुणाचं होतं हो?"

"होतं एका म्हाताऱ्याचं."

"धरलं त्याला?"

"सोडलं."

तिने त्याच्या काखेतल्या घमेल्याकडे पाहिलं. "हे घरी कशाला आणलंत?"

"पिल्लं झाकायला."

"आपल्याकडे पिल्लं कुठायत?"

होथीखानने शेळीच्या घंटेतली चिंधी उपसून काढली, झटकली आणि तिच्या हातात दिली. मग जोडे काढून उंबऱ्याशी, तिच्या पायांजवळ ठेवले.

एकोणीसशे सत्तर साली हूरां उंटावर बसून सासरी आली. तेव्हा मधे कुंपण नव्हतं; आईच्या दारातून सकाळी निघालेली वरात दुपारच्या जेवणाआधी पोचली होती.